चवदार तळ्याचा दावा

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात एक दावा दाखल झाला. वादी होते गावातले काही प्रतिष्ठित स्पृश्य हिंदू. त्यांनी समस्त सवर्णांच्या वतीनं दावा लावला होता. प्रतिवादी होते भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, समस्त अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. मागण्या दोन होत्या. चवदार तळं आमचं आहे आणि ते वापरण्याचा हक्क फक्त आम्हालाच आहे, असं कोर्टानं जाहीर करावं. आणि प्रतिवादींना तळ्यावर यायला कायमची मनाई करावी. दोनच दिवसांत, १४ तारखेला, तात्पुरता मनाईहुकूम निघाला. दावा मात्र पुढं जवळजवळ दहा वर्षं चालला. महाडहून ठाणे, ठाण्याहून मुंबईचं हायकोर्ट.

मानवी हक्कांच्या कायद्यावरची पुस्तकं सहसा १२१५च्या मॅग्ना कार्टापासून निघतात. मग अमेरिकेचं १७७६, फ्रान्सचं १७८९, आणि दोन महायुद्धं ओलांडून १० डिसेंबर १९४८चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा. रस्ता चुकीचा नाही. पण त्यानं गेलेल्या विद्यार्थ्याला वाटू लागतं, की जाहीरनाम्यांचा इतिहास म्हणजेच हक्कांचा इतिहास. जाहीरनाम्यात कुणी हरत नाही. कोर्टात एका बाजूला हरावंच लागतं, आणि ती का हरली याचं कारण न्यायाधीशाला लिहून द्यावं लागतं. ते कारण आपल्याला हवं तेच असेल असं नाही. म्हणून या प्रकरणात जाहीरनाम्यांची मालिका बाजूला ठेवून हा एकच दावा सावकाश वाचायचा आहे.

मूळ गोष्ट दाव्याच्या चार वर्षं आधीची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारनं तसं परिपत्रक काढलं. महाडच्या नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ रोजी त्याला धरून आपला ठराव केला. अस्पृश्यांनी तळं वापरायला नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय होता.

झालं एवढंच. तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण जाणं शक्यच नव्हतं. चवदार तळं म्हणजे चार-पाच एकरांचं पाणी. भोवताली नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं, काही मुसलमानांची. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या काही ठिकाणी त्याच घरमालकांच्या. मुसलमान तिथलं पाणी घेत, गुरंही पीत. ठराव कागदावर होता आणि पायऱ्यांवर माणसं उभी होती.

हक्कांच्या सिद्धान्ताचा अभ्यास करणाऱ्यानं इथं थांबून वेस्ली होफेल्ड या अमेरिकी प्राध्यापकाचा १९१३ सालचा निबंध आठवावा. होफेल्ड वाचायला रुक्ष आहे, विद्यार्थी त्याला घाबरतात आणि शिक्षक घाईघाईनं उरकतात. पण महाडसमोर ठेवला की तो एकदम स्वच्छ दिसतो. त्याचं म्हणणं असं, की आपण ‘हक्क’ म्हणतो त्या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. खरा हक्क असेल, तर समोरच्या कुणावर तरी कर्तव्य येऊन पडतं. नुसती मुभा असेल, तर मी ते केल्यानं मी गुन्हेगार ठरत नाही, पण मला करू देण्याचं बंधन कुणावरही नसतं. तिसरी गोष्ट म्हणजे अधिकार, दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलण्याची ताकद. आणि चौथी म्हणजे अशा ताकदीपासून मिळालेलं संरक्षण.

‘हरकत नाही’ या ठरावानं अस्पृश्यांना काय दिलं? मुभा. नगरपालिकेनं पायऱ्यांवर शिपाई ठेवला नाही, अडवणाऱ्यावर काही बंधन घातलं नाही. शिवाय दिलेली मुभा काढून घेण्याचा अधिकार तिनं स्वतःकडेच ठेवला होता, आणि पुढं तो वापरलाही. १९२७च्या ऑगस्टमध्ये १९२४चा ठराव रद्द झाला. अस्पृश्यांना त्याविरुद्ध कसलंही संरक्षण नव्हतं. होफेल्डच्या तक्त्यातले चारही रकाने एका तळ्याच्या काठावर भरून मिळतात. असं उदाहरण अमेरिकी पाठ्यपुस्तकांत मला तरी सापडलेलं नाही.

ठराव होण्याच्या आणि रद्द होण्याच्या मध्ये २० मार्च १९२७ हा दिवस येतो. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली होती. तिच्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांची खटपट होती, अनंतराव चित्रे आणि नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सोबत होते. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, प्रतिनिधी रांगेनं तळ्यावर गेले, आंबेडकरांनी पाणी प्यायलं, मागोमाग बाकीच्यांनी. सगळे शांतपणे परतले. मग गावात अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवायला बसलेल्या आणि गावाच्या वाटेला लागलेल्या लोकांवर काठ्या चालल्या. पुढं तळ्याची शुद्धी झाली. १०८ घागरी पाणी काढायचं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवायचं आणि मंत्र म्हणत परत तळ्यात ओतायचं. चार-पाच एकर पाणी त्यानं शुद्ध झाल्याचं जाहीर करण्यात आलं.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, ती सत्याग्रहासाठीच. दावा दाखल झाला तो या तारखा डोळ्यांसमोर ठेवून. मार्चमधल्या काठ्यांपेक्षा हा डाव कितीतरी हुशारीचा होता. काठी मारणाऱ्यावर खटला भरता येतो. कोर्टाचा मनाईहुकूम मात्र समोरच्यालाच कायदेभंग करणारा ठरवतो. आंबेडकर ‘पद्मावती’ बोटीनं दासगावला उतरले आणि महाडला पोचले, तेव्हा सत्याग्रहासाठी हजारो माणसं जमलेली, आणि त्यांच्या पुढाऱ्यावर कोर्टाची मनाई. परिषदेला हिंदूंपैकी कुणी जागा दिली नव्हती. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली.

२५ डिसेंबरच्या संध्याकाळी अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी श्रोत्यांना व्हर्सायला नेलं. १७८९ साली फ्रान्सच्या राजानं बोलावलेली सभा आणि ही महाडची सभा, दोन्हींत साम्य आहे असं ते सांगत होते. फ्रान्समधल्या त्या सभेनं माणसाच्या जन्मसिद्ध समतेचा जाहीरनामा काढला; महाडच्या परिषदेनंही त्याच धर्तीवर ठराव केले. जन्मानं सर्वांचा सामाजिक दर्जा सारखा आहे, हा त्यातला गाभा. त्याच रात्री मनुस्मृती जाळण्यात आली, ती गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याच्या हातून.

फ्रेंच जाहीरनाम्याची ही आठवण म्हणजे केवळ वक्त्याची हौस नव्हती. महाराष्ट्रात ती विचारधारा आधीच रुजलेली होती. जोतीराव फुल्यांनी तरुण वयात टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं, आणि ते पुस्तक १७९१ साली लिहिलं गेलं ते एडमंड बर्कला उत्तर म्हणून. या जुन्या भांडणाचे दोन्ही पक्ष महाडला हजर होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय हा दावा समजत नाही. बर्कचं म्हणणं होतं, की माणसाचे अमूर्त हक्क वगैरे काही नसतात. हक्क म्हणजे पूर्वजांकडून आलेला वारसा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनं पक्का झालेला. महाडच्या वादींनी बर्कचं नाव ऐकलं असेल-नसेल, पण त्यांची कैफियत शंभर टक्के त्याच वळणाची होती: अनादिकाळापासून हे पाणी आम्हीच भरत आलो, ही रूढी आहे, आणि रूढीला कायद्याचं बळ आहे. ‘वहिवाट हाच हक्क’ हा युक्तिवाद नेहमी ज्याची वहिवाट चालू आहे त्यालाच परवडतो, हे बर्कच्या चाहत्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

तिसरा पक्ष जेरेमी बेंथमचा. जन्मसिद्ध हक्क म्हणजे निव्वळ बडबड, हक्क हा कायद्याचं अपत्य असतो, कायद्याआधी तो असूच शकत नाही, असं त्यानं फ्रेंच जाहीरनाम्यावर लिहिताना ठणकावलं. मानवी हक्कांच्या वर्गात बेंथम खलनायक म्हणून शिकवला जातो. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्याच्या मागे शिक्षा नाही, दाद मागायला जागा नाही, असा हक्क पोकळ असतो, हे त्याचं म्हणणं १९२४च्या ठरावानंतरच्या तीन वर्षांनी खरंच करून दाखवलं होतं. आणि आंबेडकर हे दोन्ही भाषा बोलणारे गृहस्थ होते. मंडपात ते १७८९चे होते, कोर्टात बेंथमचे. परिषदेत जमलेल्यांना सत्याग्रहाची घाई होती. ते तुरुंगात जायला तयार होते. आंबेडकरांनी बराच खल करून सत्याग्रह तहकूब करायला लावला. मनाईहुकूम मोडला असता तर भांडण सवर्णांशी राहिलं नसतं, सरकारशी आणि कोर्टाशी जुंपलं असतं. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

१९२८च्या फेब्रुवारीत ती तात्पुरती मनाई उठली आणि मूळ दावा सुरू राहिला. वादींचं पहिलं म्हणणं, तळं आमच्या मालकीचं, हे टिकण्यासारखं नव्हतंच. जमीन-महसुलाच्या कायद्यानं अशी तळी सरकारची, आणि इथं तळं नगरपालिकेकडे निहित झालेलं. राहिली रूढी. आता रूढी कोर्टात सिद्ध करायची म्हणजे काय? इंग्रजी कायद्यानं इथं आणलेल्या कसोट्या ठरलेल्या आहेत: ती अनादिकाळापासूनची हवी, अखंड हवी, निश्चित हवी, वाजवी हवी. आणि ती शाबीत करण्याचा बोजा रूढी सांगणाऱ्यावर.

महाडच्या कोर्टानं १९३१ साली दावा फेटाळला. ठाण्याच्या असिस्टंट जज्जांनी १९३३ साली अपील फेटाळलं. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यासमोर अपील होतं. हे ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १९२२च्या १८ मार्चला अहमदाबादेत गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. माणूस सभ्य, निकाल काटेकोर, अशी त्यांची ख्याती दोन्ही खटल्यांतून दिसते.

हायकोर्टानं अपील फेटाळलं. अस्पृश्य जिंकले. पण कशावर जिंकले ते पाहा. १९२७पूर्वी अस्पृश्यांनी हे तळं वापरलं नव्हतं, हे उघडच होतं. कोर्टाचा मुद्दा असा, की वापरलं नाही यावरून वापरायला बंदी करणारी रूढी होती असं सिद्ध होत नाही. आजूबाजूला सगळी सवर्णांची वस्ती. तिथं पाणी भरायला येण्याचा प्रश्नच पूर्वी उठला नसेल, तर कुणी कुणाला अडवल्याचा पुरावा तरी कुठून येणार? अडवणूक झालीच नाही, मग अडवण्याचा हक्क अनादिकाळापासून बजावला गेला हे कशावरून? वादींनी अनादि रूढी शाबीत केलेली नाही, सबब अपील रद्द. ती शाबीत झाली असती, तर ती वाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, हे कदाचित पाहावं लागलं असतं, असंही निकालात आहे. म्हणजे तो प्रश्न कोर्टानं पाहिलाच नाही.

पहिल्यांदा हा निकाल वाचताना बहुतेकांची निराशा होते. माणूस, प्रतिष्ठा, समता, यांतलं काहीही त्याचा आधार नाही. दहा वर्षांच्या लढाईनंतर हाती आलं ते एवढंच, की समोरच्याकडे पुरेसा पुरावा नव्हता. उद्या दुसऱ्या गावच्या सवर्णांनी शंभर वर्षांचे कागद आणले असते, आणि एखाद्या महाराला पाणवठ्यावरून हाकलल्याच्या दहा नोंदी दाखवल्या असत्या, तर? जुलूम जितका जुना आणि जितका नोंदलेला, तितका तो कायद्यात बळकट. रूढीच्या कायद्याचं हे तर्कशास्त्र उघडं पडतं ते याच निकालात, आणि ते उघडं पडलं म्हणूनच निकाल मोलाचा आहे. वकिलानं जिंकायला सर्वांत अरुंद वाट पकडावी हे धंद्याला धरून झालं. न्यायाधीशानंही लागेल तेवढंच ठरवावं हेही रास्त. हक्काची व्याख्या करायचं काम मात्र त्यामुळं दुसऱ्या कुणावर तरी पडलं.

ते ज्याच्यावर पडलं, तो याच दाव्यातला प्रतिवादी होता. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांच्या हाताखालून गेलेल्या राज्यघटनेत महाडचे ठसे कुठं कुठं आहेत, ते शोधणं हा विद्यार्थ्यासाठी उत्तम व्यायाम आहे. अनुच्छेद १५च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांची यादी आहे, राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या. बोले ठराव शेजारी ठेवून वाचावा. फरक एवढाच, की १९२३ साली ती शिफारस होती, आता कुठल्याही नगरपालिकेला किंवा विधिमंडळाला ती मागे घेता येत नाही. होफेल्डचा चौथा रकाना भरला. शिवाय हा खंड फक्त सरकारला बांधत नाही. हक्क हे राज्यसंस्थेविरुद्ध असतात, हा युरोप-अमेरिकेतल्या सिद्धान्ताचा पाया. महाडला पायऱ्यांवर उभं राहिलेलं कुणी सरकार नव्हतं, शेजारी होते. म्हणून या खंडाची भाषा अशी, की कुणाही नागरिकाला अशी आडकाठी सोसावी लागणार नाही, मग आडकाठी करणारा कुणीही असो. अनुच्छेद १७नं अस्पृश्यताच नष्ट केली.

आणि अनुच्छेद १३. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तो कायदा त्या विसंगतीपुरता रद्द, असं तो म्हणतो, आणि ‘कायदा’ म्हणजे काय हे सांगताना त्यात रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश करतो. ब्रूमफील्डांनी न सोडवलेला प्रश्न एका व्याख्येत निकालात निघाला. रूढी किती जुनी आहे, हे विचारायचीच गरज उरली नाही. अर्थात कोर्टांनी लगेच एक खिडकी उघडी ठेवली. १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई हायकोर्टाच्या छागला आणि गजेंद्रगडकर या दोन नामांकित न्यायाधीशांनी ठरवलं, की धर्मांचे वैयक्तिक कायदे या व्याख्येत बसत नाहीत. त्या खिडकीतून आजही वारा येतो आहे, आणि त्यावरचा वाद हा वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे.

९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत दाद मागण्याच्या हक्काची, म्हणजे आजच्या अनुच्छेद ३२ची चर्चा झाली. हा घटनेचा आत्मा आहे, असं आंबेडकर म्हणाले ते त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. आठ देश तटस्थ राहिले. जाहीरनामा कुणावर बंधनकारक नव्हता. पॅरिस आणि दिल्लीच्या या दोन दिवसांत १७८९ आणि बेंथम पुन्हा समोरासमोर आले, एवढं नोंदवून पुढं जाऊ.

इतिहासकारांत अलीकडे एक मोठा वाद आहे. लिन हंट मानवी हक्कांचा उगम अठराव्या शतकातल्या कादंबऱ्यांत आणि त्यांनी वाढवलेल्या सहानुभूतीत शोधतात. सॅम्युअल मॉइन म्हणतात, ते सगळं म्हणजे खोटा वंशवृक्ष लावणं आहे. आज आपण ज्याला मानवी हक्क म्हणतो ते १९७०च्या दशकात, इतर स्वप्नं मोडल्यावर उभं राहिलं. त्याआधीच्या चळवळींना स्वतःचं राष्ट्र हवं होतं, राष्ट्रापलीकडचे हक्क नको होते, असा मॉइन यांचा रोख. महाड या दोघांच्याही चौकटीत नीट बसत नाही. तिथं जमलेल्यांनी कादंबऱ्या वाचलेल्या नव्हत्या, आणि ते राष्ट्रही मागत नव्हते. इतकंच काय, १९४६ साली आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, कारण अस्पृश्यांच्या वतीनंही असंच करता येईल का हे ते तपासत होते. राष्ट्र हातात येण्याच्या आदल्या वर्षी राष्ट्राबाहेरच्या दरबाराची चाचपणी करणारा माणूस मॉइन यांच्या कालपटात फार लवकर येतो.

संयुक्त राष्ट्रांनी पाणी हा मानवी हक्क असल्याचं उघडपणे मान्य केलं ते २८ जुलै २०१०च्या ठरावानं, १२२ मतांनी, ४१ देश तटस्थ. त्याआधी २००२ साली आर्थिक-सामाजिक हक्कांच्या समितीनं या हक्काचा तपशील लिहून काढला होता: पाणी पुरेसं हवं, शुद्ध हवं, आवाक्यात हवं, भेदभावाविना हवं. चर्चा होते ती पहिल्या तिन्हींची, कारण त्यांचं माप घेता येतं. महाडला पाणी भरपूर होतं, आणि फुकट होतं.

जानेवारी १९४३मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना आंबेडकरांनी सांगितलं होतं, की हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. सहा वर्षांपूर्वी हायकोर्टात जिंकलेला बॅरिस्टर हे बोलत होता, हे वाचताना विसरू नये. आणि तरीही कायदा लिहायचं काम त्यानं टाकलं नाही.

१९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. नदी, ओढा, विहीर, तळं, टाकी, नळ वापरण्यास आडकाठी करणं हा त्यात गुन्हा आहे. त्याचं बारावं कलम फारसं कुणी वाचत नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य घडलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानंच घडलं असं कोर्टानं गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. पाण्यावर अडवलं त्यामागं जात नव्हती, हे आता अडवणाऱ्यानं शाबीत करायचं आहे.